आधी वर्गणी, मग पाणी

जुलैचा शेवटचा आठवडा, बुधवार. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या किनाऱ्यावर हजारो माणसं पोटरीभर चिखलात उभी राहून समोरच्या खाडीकडे टक लावून पाहत असतात. भरती आणि ओहोटी यांच्यामध्ये पाणी जरा थांबतं, तेवढी संधी साधून पलीकडच्या ॲसाटीग बेटावरची रानटी तट्टं पाण्यात उतरवली जातात. पाच-दहा मिनिटांत ती पोहत अलीकडच्या शिंकोटीग बेटाला लागतात, तिथे दम खातात आणि मग गावातल्या रस्त्यांवरून वाजतगाजत जत्रेच्या मैदानात पोहोचतात. गुरुवारी त्यांच्या शिंगरांचा लिलाव होतो. शुक्रवारी मोठी तट्टं आल्या वाटेने पोहत परत जातात. हा सगळा खटाटोप गावातलं स्वयंसेवी अग्निशमन दल करतं, कारण ही तट्टं त्याच्या मालकीची आहेत.

अग्निशमन दलाला तट्टं कशाला, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. साडेतीन हजारांच्या आत वस्ती असलेल्या शिंकोटीगमध्ये तो कोणालाच पडत नाही. 1920 नंतरच्या काही वर्षांत गावात मोठ्या आगी लागल्या आणि त्या विझवायला धड साधनं नाहीत हे सगळ्यांना दिसलं. दल उभं राहिलं, पण बंबाला पैसे कुठून आणायचे? गावात दोनच गोष्टी मुबलक होत्या, कालवं आणि तट्टं. कालवं आधीच विकली जात होती. मग 1924-25 च्या सुमारास दलाने तट्टं गोळा करण्याचा जुना उत्सव हाती घेतला, त्याला जत्रेची जोड दिली, आणि शिंगरं पंचवीस-पन्नास डॉलरला विकून आग विझवण्याचं सामान घेतलं. तेव्हापासून महायुद्ध आणि कोविडसारखे अपवाद सोडले तर हा परिपाठ चालू आहे.

ही तट्टं बेटावर आली कशी? बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आली, अशी रम्य कथा पर्यटकांना आवडते. इतिहासकारांना जास्त पटणारी हकीकत इतकी रम्य नाही. सतराव्या शतकात गुरांवरचा कर आणि कुंपण घालण्याची सक्ती, दोन्ही चुकवायला किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यांनी आपली जनावरं बेटावर नेऊन सोडली. म्हणजे पूर्वजांनी जे घोडे लपवून सरकारचा कर बुडवला, त्याच घोड्यांच्या वंशजांना विकून आज गावाची सार्वजनिक सेवा चालते. करवसुलीला तीनशे वर्षं लागली, पण झाली.

बेटाचा तो भाग वन्यजीव अभयारण्यात येतो. त्यामुळे केंद्र सरकारच्या परवान्याप्रमाणे दलाला दीडशेच मोठी तट्टं ठेवता येतात. बेटाचा उत्तरेकडचा भाग मेरीलँड राज्यात आहे. तिथल्या कळपाचा मालक वेगळा, म्हणून राज्यांच्या सीमेवर मध्ये कुंपण. दल आपल्या कळपाची पशुवैद्याकडून नियमित तपासणी करून घेतं. खाडी पार करून पहिलं किनाऱ्याला लागणारं शिंगरू ‘नेपच्यून’ ठरतं आणि त्याची सोडत निघते. काही हौशी मंडळी तर लिलावात हजारो डॉलर मोजून शिंगरू घेतात आणि तिथल्या तिथे दलालाच परत देतात, की राहू दे बापडं बेटावरच. असा ग्राहक भारतातल्या कुठल्याही गुरांच्या बाजाराने अजून पाहिलेला नाही. नवख्या प्रेक्षकाने मात्र लिलावाच्या वेळी जपून असावं. शिंकोटीगचे डास प्रसिद्ध आहेत आणि डास हाकलायला वर केलेला हात लिलाव पुकारणाऱ्याला वेगळाच दिसू शकतो.

1947 मध्ये मार्गरिट हेन्री यांनी इथल्या ‘मिस्टी’ नावाच्या तट्टीवर मुलांसाठी कादंबरी लिहिली, 1961 मध्ये तिच्यावर चित्रपट आला, आणि गावाची जत्रा देशाची झाली. पुस्तक वाचून आलेली मुलं आईबापांना घेऊन येतात, आईबाप कालवांची भजी खातात, आणि त्या भज्यांतून दलाला पाण्याच्या नळ्या मिळतात. दलाकडे तट्टं भरपूर आहेत, भाड्याचं मात्र एकही नाही. इथे कळप हाकणाऱ्यापासून भजी तळणाऱ्यापर्यंत सगळे आपापली कामं सांभाळून आलेले गावकरी.

शिंकोटीग हे टोकाचं उदाहरण खरं, पण एकटं नाही. ज्या देशात सगळं पैशाने विकत मिळतं अशी आपली समजूत आहे, त्या अमेरिकेत आग विझवायला येणारा माणूस बहुधा फुकट येतो. तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संस्थेच्या 2020 च्या हिशेबानुसार देशात सुमारे 10 लाख 41 हजार अग्निशामक होते आणि त्यातले 6 लाख 77 हजार, म्हणजे शंभरातले पासष्ट, स्वयंसेवक. मोठ्या शहरांत पगारी दलं असतात. लहान शहरांत वर्दी आली की केशकर्तनालयातला गडी कात्री ठेवतो, शाळामास्तर खडू ठेवतो, आणि दोघंही बंबाकडे धावतात. गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने वाट बघतं.

मराठी वाचकाला हा कारभार समजायला फार कष्ट नकोत. बंब असलेलं गणेश मंडळ डोळ्यांपुढे आणलं की झालं. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वर्गणी न देणाऱ्यांची सगळ्यांना तोंडपाठ असलेली यादी, आणि ‘यंदा आपला बंब शेजारच्या गावापेक्षा मोठा’ हा मूळ हेतू. फरक एवढाच, की इथे सत्तेची केंद्रं दोन. आग लागली की ‘चीफ’चं ऐकायचं, विझली की अध्यक्षाचं. जळत्या घरात कोणी शिरायचं ते चीफ ठरवतो, हॉलमधल्या खुर्च्या कोणी उचलायच्या ते अध्यक्ष. पहिल्या प्रश्नाचा निर्णय काही सेकंदांत लागतो. दुसरा पुढच्या सभेवर जातो.

या परंपरेचा मूळपुरुष बेंजामिन फ्रँकलिन. 1736 च्या डिसेंबरात त्याने फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ काढली. तीस सभासद, प्रत्येकाने घरी चामड्याच्या ठराविक बादल्या आणि सामान बाहेर काढायला मजबूत पिशव्या तयार ठेवायच्या. महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र जमून आगींविषयी गप्पा मारायच्या, असाही नियम होता. या सभेला दांडी मारणाऱ्याला दंड. त्या दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले, असं फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. म्हणजे शहराची साधनसामग्री सभासदांच्या आळसावर उभी राहिली. सगळे वेळेवर हजर राहिले असते, तर फिलाडेल्फियाला शिडी मिळाली नसती. आणखी लोक यायला लागले तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, की इथे जागा नाही, तुमची वेगळी कंपनी काढा. त्यांनी ती काढली, आणि इथूनच पुढच्या शंभर वर्षांच्या भांडणांना सुरुवात झाली.

एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात अशा कंपन्यांचं पेव फुटलं. कुठली आधी पोहोचते यावर इज्जत अवलंबून. घंटा झाली की कंपनीचा एक धावता गडी रिकामं पिंप घेऊन पुढे पळायचा, ते हायड्रंटवर, म्हणजे रस्त्यावरच्या पाण्याच्या नळावर, पालथं घालायचा आणि आपल्या कंपनीचा बंब येईपर्यंत त्यावर ठाण मांडायचा. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीची माणसं आली, की आधी एकमेकांची डोकी फुटायची. घर तोवर आपल्या सवडीने जळत राहायचं.

राजकारण्यांना ही धटिंगण पोरं फार आवडत. न्यूयॉर्कला लुटून पुढे कुप्रसिद्ध झालेला ‘बॉस’ विल्यम ट्वीड हा आधी ‘अमेरिकस’ या सहा नंबरच्या बंब कंपनीचा म्होरक्या होता. त्या बंबावर रंगवलेलं वाघाचं तोंड व्यंगचित्रकार थॉमस नास्टने उचललं आणि ट्वीडच्या ‘टॅमनी हॉल’ या सत्ताकेंद्राची खूण म्हणून साऱ्या देशात गाजवलं. शेवटी शहरं कंटाळली. सिनसिनाटीने 1853 मध्ये पगारी दल आणि वाफेवर चालणारा बंब आणला. वाफेचा बंब दारू पीत नाही, मत देत नाही, आणि मारामारी तर मुळीच करत नाही, हे त्याचे गुण लोकांच्या लगेच ध्यानात आले. न्यूयॉर्कने 1865 मध्ये तोच रस्ता धरला.

लहान शहरांना मात्र तो परवडला नाही. वर्षाकाठी थोड्याच वर्द्या येणार, त्यासाठी चोवीस तास पगारी माणसं कशी ठेवायची? स्वयंसेवक राहिले. प्रश्न उरला तो सामानाचा, आणि तो वर्षागणिक महाग होत गेला. आज नवा बंब दहा लाख डॉलरच्या घरात जातो, उंच शिडीची गाडी त्याच्या दुपटीपर्यंत. मागणी नोंदवल्यावर दोन-तीन वर्षं वाट बघायची ती वेगळीच. एका माणसाच्या आगरोधक पोशाखालाच काही हजार डॉलर पडतात. म्हणजे माणूस फुकट, पण त्याचा कोट नाही.

पैसे येतात ते चार दिशांनी. काही ठिकाणी नगरपालिका देते. न्यूयॉर्क राज्यात ‘फायर डिस्ट्रिक्ट’ नावाची स्वतंत्र संस्थाच असते. तिचे आयुक्त लोक निवडून देतात आणि ती आपला वेगळा कर लावते. 2001 पासून केंद्र सरकारचं अनुदानही मिळू लागलं, पण त्याचा अर्ज भरणं हे आग विझवण्यापेक्षा अवघड असल्याचं जाणकार सांगतात. उरलेलं सगळं गाव खाऊन भरून काढतं.

शब्दशः खाऊन. रविवारी सकाळी पॅनकेकची न्याहारी, शुक्रवारी तळलेले मासे, अधूनमधून बिंगो, आणि उन्हाळ्यात कोंबडीचं बार्बेक्यू. या शेवटच्या प्रकाराला विद्यापीठाचा आधार आहे. कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक रॉबर्ट बेकर यांनी कोंबडीपालन करणाऱ्या शेतकऱ्यांचा माल खपावा म्हणून 1950 मध्ये तेल, व्हिनेगर, अंडं, मीठ आणि मसाला यांच्या कालवणात कोंबडी मुरवून निखाऱ्यांवर भाजण्याची कृती एका पुस्तिकेत छापली. न्यूयॉर्क राज्याच्या गावागावांतल्या अग्निशमन दलांनी ती उचलून धरली. लांबलचक भट्टीत कोळसा पेटवायचा, शेकडो अर्ध्या कोंबड्या जाळीवर मांडायच्या, आणि ताट विकायचं. गावातला वर्षातला सगळ्यात मोठा जाळ अशा रीतीने अग्निशमन दलच करतं, आणि तो विझू नये म्हणून जातीने लक्ष घालतं.

पेनसिल्व्हेनियात बंदुकांची सोडत काढतात. तिकीट घ्या, बंदूक जिंका, गावाला बंब मिळेल. त्या बाबतीत शिंगरू बरं.

वर्गणीचा आग्रह कुठवर जाऊ शकतो, याचा धडा टेनेसी राज्यातल्या साऊथ फुल्टन या छोट्या शहराने 2010 मध्ये दिला. शहराचं दल हद्दीबाहेरच्या ग्रामीण भागातही जाई, पण वर्षाला 75 डॉलर भरणाऱ्यांकडेच. हद्दीबाहेरच्या एका घराला आग लागली आणि मालकाने फी भरलेली नव्हती. तो फोनवरून म्हणाला, लागेल तो खर्च देतो, या. दल आलं नाही. आग शेजारच्या शेतापर्यंत पोहोचली, शेजाऱ्याने फी भरलेली होती, तेव्हा दल आलं. त्याने शेजाऱ्याची हद्द भिजवली आणि उरलेलं घर जळताना पाहिलं. घरातली पाळलेली कुत्री-मांजर त्यात गेली. देशभर संताप झाला. नियमाची बाजू घेणारे म्हणाले, की जळाल्यावर पैसे चालतात असं कळलं तर आधी कोण भरेल? हिशेब बिनचूक होता. कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराने त्याला मान डोलावली असती, आणि कुठल्याही कार्यकर्त्याने त्या खजिनदाराला बाजूला सारून नळी उचलली असती.

बाकीच्या गावांत लोकांना वर्गणीची गोडी लावायला विमा कंपन्या मदत करतात. ‘आयएसओ’ नावाची संस्था गावोगावच्या आगीच्या बंदोबस्ताला 1 ते 10 श्रेणी देते. 1 म्हणजे उत्तम, 10 म्हणजे देवावर भरवसा. शंभर मूळ गुणांपैकी 50 दलाला, 40 पाण्याच्या सोयीला आणि 10 वर्दी घेण्याच्या यंत्रणेला. ठाण्यापासून पाच मैलांच्या पलीकडे राहणाऱ्याला बहुधा दहावी श्रेणी मिळते. श्रेणी सुधारली की अनेक ठिकाणी घरविम्याचा हप्ता उतरतो. त्यामुळे अग्निशमनाविषयी कधी अवाक्षर न काढणारा गृहस्थही हायड्रंट आपल्या घरापासून हजार फुटांच्या आत आहे की नाही, ते पावलं टाकून मोजताना दिसतो.

आता प्रत्यक्ष काम. 2020 मध्ये देशातल्या सगळ्या दलांना मिळून सुमारे 3 कोटी 64 लाख वर्द्या आल्या. त्यात आगी होत्या जेमतेम 14 लाख, म्हणजे शंभरात चार. दोन तृतीयांशाच्या आसपास वर्द्या वैद्यकीय मदतीच्या होत्या: कोणाची छाती दुखते, कोणी आजोबा पलंगावरून पडलेत. उरलेल्यांत अपघात, तुटलेल्या तारा, आणि टोस्ट करपल्यामुळे बोंब मारणारे धुराचे गजर. सहा महिने प्रशिक्षण घेऊन, अंगावर वीसेक किलोचा सरंजाम चढवून, मध्यरात्री शिडीसकट धावत जावं, आणि यजमानीणबाईंनी गाऊन सावरत सांगावं, ‘काही नाही हो, पाव जळला.’ दल तरीही दर वेळी जातं, कारण नेमका पाव कुठल्या वेळी नसेल ते आधी कळत नाही.

वर्दी पेजरवर येते, मोबाइलवर येते, आणि अनेक गावांत अजून छपरावरचा भोंगाही वाजतो. न्यूयॉर्क राज्यात स्वयंसेवकाला आपल्या खासगी गाडीवर निळा दिवा लावता येतो. हा दिवा पाहून आपल्याकडच्या वाचकाचे डोळे लकाकतील, तर आधीच सांगितलेलं बरं: त्याला कसलाही अधिकार नाही. लाल सिग्नलला थांबायचं, वेगमर्यादा पाळायची. पुढचा गाडीवाला बाजूला झाला तर त्याची सज्जनता, नाही झाला तर गुन्हा नाही. बिनअधिकाराचा दिवा आपल्याकडे कोणी फुकट दिला तरी गाडीवर लावणार नाही.

याबद्दल मिळतं काय? न्यूयॉर्क राज्य स्वयंसेवकाला आयकरात वर्षाला 200 डॉलरची सवलत देतं. काही दलांत निवृत्तीवेतनासारखी योजना असते, तिचा हिशेब गुणांवर चालतो. सभेचे गुण, कवायतीचे गुण, वर्दीला धावल्याचे गुण. वर्षात 50 झाले तर ते वर्ष सेवेत धरतात, 49 झाले तर वर्ष फुकट. त्यामुळे डिसेंबरच्या सभांना एरवी न दिसणारे चेहरे अगदी वेळेवर येऊन बसतात. सहा हजारांच्या आत वस्ती असलेल्या हडसन शहरात राज्यातल्या म्हाताऱ्या स्वयंसेवकांसाठी निवास आहे, आणि त्याच आवारात अग्निशमनाचं संग्रहालयही. जुने बंब एका इमारतीत, ते चालवणारे शेजारच्या.

असं असूनही माणसं मिळेनाशी झाली आहेत. देशात 1984 मध्ये जवळपास नऊ लाख स्वयंसेवक होते, ते पावणेसात लाखांवर आले. याच काळात वर्द्या तिप्पट झाल्या. फ्रँकलिनच्या पेनसिल्व्हेनियात 1970 च्या दशकात तीन लाखांच्या आसपास स्वयंसेवक होते. 2018 च्या सरकारी अहवालाने 38 हजार मोजले. कारणं सरळ आहेत. पूर्वी गावातला माणूस गावातल्याच गिरणीत काम करायचा, भोंगा झाला की मालक सोडायचा, कारण मालकही दलात असायचा. आता माणूस पन्नास मैलांवर नोकरीला जातो, आणि गावाला दुपारी दोन वाजता आग लागली तर घरी असतात ते निवृत्त लोक. प्राथमिक प्रशिक्षणच अनेक राज्यांत शंभर तासांच्या पुढे गेलंय. त्यात शनिवार-रविवार कोंबड्या भाजायच्या. नव्या पोराला आग विझवायची हौस असते, बिंगोचे आकडे ओरडायची नसते.

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाच्या उपनगरांत आता पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या पत्रपेटीत वर्षातून एकदा स्थानिक दलाचं वर्गणीचं पाकीट येतं आणि पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर केराच्या डब्यात जातं. कर भरलाय, आता आणखी काय, असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे. पण फोडणीचा धूर छताला लागून गजर झाला, की रात्री साडेआठला दारात जो हेल्मेटवाला उभा राहतो तो बहुधा याच पाकिटातला असतो. दिवसा तो याच गावात नळदुरुस्ती करतो. त्यामुळे पुढच्या वेळी पाकीट आलं तर ते उघडावं, आणि उन्हाळ्यात ठाण्यासमोर कोंबडीची पाटी लागली तर जाऊन ताट घ्यावं. शाकाहारी मंडळींनी निदान पावती फाडावी. आणि घरात सशक्त, विशीतलं, रात्रभर जागं असणारं पोरगं असेल, तर त्याला सोबत न्यावं. पैशांपेक्षा ते त्यांना जास्त हवं आहे.